खोक्यातला पहिला आकडा

"आकडे थरथरतात हो तुमचे," गिरणीतल्या विणकाम खात्याचे प्रमुख, आमचे वीव्हिंग मास्तर म्हणाले.

थरथरत होते खरे. एकशे दहा, एकशे तेरा, एकशे आठ, परत एकशे बारा. मे महिना होता, दुपारचे दोन वाजलेले, आणि घरी मुलीला दात येत होते म्हणून आठवडाभर मला धड झोप नव्हती. अशा वेळी माणसाला कुणी काही सांगितलं की तो आधी मान हलवतो आणि मग ऐकतो. मी मान हलवली.

सोलापूरच्या एका कापड गिरणीत मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. केम गावाहून शिकायला आलो, डिप्लोमा केला आणि शुक्रवार पेठेत दोन खोल्या घेऊन राहिलो. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. तोपर्यंत गिरणीत सगळी मीटरं काट्याची होती. त्या वर्षी पुण्याच्या एका लहान कारखान्यातून आकड्यांचं खोकं आणलं. वाफेच्या लाइनवर, मशिनांवर थर्मोकपल बसवायचे, म्हणजे तपमान सांगणाऱ्या तारा. त्या तारांतून येणारा इवलासा व्होल्टेज खोक्यातली चिप अंकात बदलायची आणि पुढच्या काचेत लाल आकडे उजळायचे. समोर एक गोल खटका. पहिल्या घरावर बॉयलरकडून येणारी मुख्य वाफ, दुसऱ्या घरावर एक नंबरचं सायझिंग मशीन, तिसऱ्यावर दोन नंबरचं, आणि पुढे आणखी चार-पाच जागा. खटका फिरवला की खोकं एक आकडा घ्यायचं. थरथर कमी दिसावी म्हणून मास्तरांच्या आग्रहावरून मी ते असं लावलं होतं की एकदा घेतलेला आकडा अर्धा मिनिट तसाच राहील, मग नवा येईल. तरी दर नव्या आकड्याला तीनचार अंशांची उडी पडतच होती.

"गुरुवारी मालक मंडळी बघायला येणार आहेत," मास्तर म्हणाले. "एवढं नवीन यंत्र आणलं आणि ते असं दारुड्यासारखं बोलायला लागलं तर मी काय सांगू त्यांना?"

थरथरीचं कारण मला माहीत होतं. मोठ्या मोटारी चालू-बंद होत, त्यांचा सगळा गोंगाट माझ्या तारांवर चढायचा. त्यावरचं नीट काम म्हणजे प्रत्येक तार जाळीच्या आवरणातून न्यायची, अर्थिंग मोटारींपासून वेगळं करायचं, आणि प्रत्येक तारेला खटक्याच्या अलीकडे तिचा तिचा छोटा कंडेन्सर, म्हणजे विजेचा थोडा साठा धरून उड्या सपाट करणारी डबी, लावायचा. आठ तारा, दोन-तीन दिवसांचं काम, तेही शेडमध्ये वर चढून, जिथे पत्र्याखाली हात टेकवत नव्हता. मी खटक्याच्या पलीकडे, जिथे आठही तारा एकत्र येतात तिथे, एकच जाडजूड कंडेन्सर आणि एक रेझिस्टर लावून मोकळा झालो. अर्ध्या तासात. आकडे असे थांबले जणू काचेवर रंगवलेत.

मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. गुरुवारी मालक मंडळी आली, त्यांनी खटका फिरवून बघितला, "व्वा" म्हणाली आणि थंडगार लिंबू सरबत पिऊन गेली. मी त्या दिवशी लवकर घरी जाऊन झोपलो. खरं सांगायचं तर मला अभिमानसुद्धा वाटला होता.

आता त्या एक नंबरच्या मशीनवरच्या माणसाबद्दल सांगायला हवं. सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ पाजायची आणि वाफेवर तापलेल्या मोठ्या पिंपांवरून फिरवून ते वाळवत बीमवर, म्हणजे मागाला लावायच्या मोठ्या रुळावर, गुंडाळायचं. पिंप जास्त तापलं तर सूत कडक होऊन तुटतं. कमी तापलं तर ओलं राहतं, बीमवर चिकटतं, बुरशी धरतं. या दोहोंच्या मधे राहायचं, हे त्या माणसाचं काम. तो पंचावन्न-छप्पन वर्षांचा, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातला. घरात बायको विड्या वळायची. सगळी गिरणी त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायचो. मामा पिंपावरून उतरणाऱ्या सुतावर उजव्या हाताचा पंजा चालता चालता असा पालथा फिरवायचे आणि वाफेचं चाक पाव फेरा इकडे-तिकडे करायचे. बस्स. तीस वर्षांत त्यांच्या बीमबद्दल मागावरून तक्रार आली असेल तर ती हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी.

मालक मंडळी येऊन गेल्यावर मास्तरांनी आकड्यांची नोंदवही सुरू केली. दर दोन तासांनी एक कारकून खोक्यासमोर जायचा, खटका एकेका घरावर फिरवायचा आणि आकडे लिहायचा. तो मोहोळचा, चपळ, कामात कधी कसूर न करणारा. पहिल्या आठवड्यातच एक नंबरच्या मशीनसमोर एकशे सव्वीस, एकशे पंचवीस, एकशे सत्तावीस असे आकडे दिसायला लागले. ठरलेलं तपमान एकशे दहा. शेजारच्या दोन नंबरच्या मशीनवर मात्र एकशे दहा, एकशे बारा. मास्तरांनी मामांना बोलावलं.

"मामा, वाफ जास्त लावता तुम्ही."

"न्हाय साहेब. बरोबर हाय."

"अहो, यंत्र सांगतंय. एकशे सव्वीस."

मामांनी आपला पंजा बघितला, जणू काही त्याच्यावर काही लिहिलेलं असेल. "हात सांगतोय बरोबर हाय म्हणून," ते म्हणाले.

मास्तर मला म्हणाले, जाऊन तपासा. मी गेलो. खटका एक नंबरच्या मशीनवर लावला, मग मशीनपाशी जाऊन थर्मोकपलच्या तारा पाहिल्या, जोड घट्ट केले, मामांशी चार शब्द बोललो, घाम पुसला, पाणी प्यायलो आणि परत येऊन आकडा बघितला. एकशे अकरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, एकशे दहा. तिसऱ्या दिवशीही तेच. मी कागदावर लिहून दिलं: यंत्र ठीक चालते आहे. खाली सही केली.

त्या सहीनं काय झालं हे मला तेव्हा कळलं नाही. मास्तरांनी दोन आणि दोन चार केले. कारकून बघतो तेव्हा एकशे सव्वीस, मेकॅनिक बघतो तेव्हा एकशे दहा. याचा अर्थ मेकॅनिक येताना दिसला की हा माणूस वाफ कमी करतो, आणि तो गेला की परत चढवतो. म्हणजे नुसता चुकत नाही, तर फसवतोय. मामांना मेमो मिळाला. टाइप केलेला, मराठीत, खाली शिक्का. त्यात लिहिलं होतं की नोंदवहीत एक नंबरच्या मशीनचा आकडा एकशे दहाच्या आसपास आला नाही तर कारवाई होईल.

मामा तो कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांना मराठी वाचायला जड जायचं. मी वाचून दाखवला. ते ऐकून घेतल्यावर त्यांनी मला फक्त एवढं विचारलं, "तुमचं खोकं चुकतंय का हो?"

"नाही मामा," मी म्हणालो. "तीनदा तपासलंय मी."

त्यांनी "बरं" म्हटलं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. मी डिप्लोमावाला होतो, तारा जोडायचो, माझ्या खिशाला पेन होतं. आजही हे "बरं" आठवलं की मला माझा संताप येतो. त्या माणसानं मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी एक क्षणही थांबून विचार केला नाही. थकलो होतो, हे खरं. पण थकलेला माणूससुद्धा "बघतो" एवढं म्हणू शकतो.

मामांनी वाफ कमी केली. एकदम नाही. रोज थोडी थोडी. कारकून यायचा, लिहायचा, मामा लांबून विचारायचे, "किती?" तो ओरडून सांगायचा, "एकशे एकोणीस!" मामा चाक अजून पाव फेरा फिरवायचे. आठवड्याभरानं वहीत एकशे बारा लिहिलं गेलं. मास्तर खूष. "बघा, जमतंय की," असं म्हणाले म्हणे.

आणि मग मागांवरून ओरड सुरू झाली. बीम चिकट येतायत, सूत सुटत नाही, एका बीमवर बुरशीचा वास येतोय. विणकर तुटलेले धागे जोडून जोडून वैतागले. चार बीम पूर्ण वाया गेले. आता मामांवर चार्जशीट निघालं: समज दिल्यानंतर सूडबुद्धीनं मुद्दाम माल खराब केला. पुढच्या शनिवारी चौकशी. आरोप सिद्ध झाला तर कामावरून कमी करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. छप्पनाव्या वर्षी, फसवेगिरीचा शिक्का घेऊन. दुसऱ्या कुठल्या गिरणीनं दारात उभं केलं नसतं.

मला पुन्हा तपासायला पाठवलं. मी खटका लावला, मशीनकडे गेलो, परत आलो. सत्याऐंशी! मी काच पुसली. सत्याऐंशीच. अर्ध्या मिनिटानं नवा आकडा आला, तोही सत्याऐंशी. त्याच सकाळी वहीत एकशे बारा लिहिलेलं होतं.

मी मास्तरांना सांगितलं. ते हसले. "तुम्ही आलात की कमी करतो, हेच तर म्हणतोय मी. आता वाफ पार सत्याऐंशीवर आणून ठेवली."

पण मी मामांना बघितलं होतं. मी आलो तेव्हा ते चाकाजवळ नव्हतेच. तुटलेले धागे जुळवत दुसऱ्या टोकाला उकिडवे बसले होते. आणि पिंपावर पाण्याचे थेंब उडवले तर ते चुरचुरले नाहीत, नुसते सावकाश वाळले. एवढं जाडजूड पिंप दोन मिनिटांत एकशे बारावरून सत्याऐंशीवर कसं येईल? माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी टोचलं.

त्या दिवशी दुपारी मी कारकुनाच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्याला सांगितलं नाही कशासाठी. त्यानं खटका पहिल्या घरावर नेला. मुख्य वाफ, एकशे पन्नास. लिहिलं. बोटं खटक्यावरच होती, लगेच दुसऱ्या घरावर. खोक्यानं आकडा घेतला, एकशे बारा. लिहिलं. लगेच तिसऱ्यावर. आठही घरं पुरी व्हायला त्याला एक मिनिटही लागलं नाही.

"जरा थांबत जा की," मी म्हणालो.

"कशाला? आकडा तर उभाच हाय," तो म्हणाला. "काटा असता तर थांबलो असतो. काटा हलतोय, दिसतंय. ह्यो कुटं हलतोय?"

मी तिथेच खुर्ची ओढून बसलो.

काट्याच्या मीटरला माणूस थांबायचा, कारण काटा जागेवर जाईपर्यंत डोलायचा. कुणी शिकवावं लागत नव्हतं. माझा लाल आकडा मात्र खोटा असतानाही छाती पुढे काढून उभा राहायचा. आणि तो खोटा मी केला होता. तो जाडजूड कंडेन्सर आठही तारांना सामायिक. खटका मुख्य वाफेवर असताना तो एकशे पन्नासच्या हिशेबानं भरायचा. खटका मामांच्या मशीनवर आला की त्यातला आधीचा साठा निघून नवा बसायला काही सेकंद लागायचे. पण खोकं सेकंदभरातच आकडा घेऊन तो अर्धा मिनिट धरून ठेवायचं. त्या आकड्यात थोडी मामांची वाफ असायची आणि थोडी बॉयलरची. तिसऱ्या घरावरचं मशीन मामांच्या मशीनच्या मागून यायचं, दोन्ही तपमानं जवळजवळची, म्हणून तिथे फारसा फरक दिसायचा नाही. आणि मी तपासायला आलो की एकाच घरावर खटका ठेवून पाणीबिणी पिऊन यायचो, तोवर सगळं जागच्या जागी झालेलं असायचं. माझं बरोबर, कारकुनाचंही बरोबर, आणि मधल्या मधे मामा लबाड ठरले.

मी पुढे वीसेक वर्षं हीच कामं केली. मग ती खोकी गेली, एकाच चिपमध्ये सगळं आलं, मायक्रोकंट्रोलर म्हणायला लागले. नवीन लोक विचारायचे, आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाची काय काळजी घ्यायची? मी सांगायचो ती ठरलेली उत्तरं. ज्या व्होल्टेजशी तुलना होते तो आधी स्थिर ठेवा. आत येणारा व्होल्टेज त्याच्यापेक्षा वर जाऊ देऊ नका. अर्थिंग मोटारींबरोबर वाटून घेऊ नका. एका तारेवरून दुसऱ्या तारेवर गेलात की पहिला आकडा टाकून द्या. या शेवटच्याशी आलो की माझा आवाज चढायचा, उगाचच. लोकांना वाटायचं, म्हातारा कटकट्या आहे. होतोच.

पण त्या वेळी तो बुधवार होता आणि चौकशी शनिवारी. मी मास्तरांकडे गेलो. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. ते पेपरवेट फिरवत बसले.

"चौकशी होऊ द्या," शेवटी म्हणाले. "तुम्ही मागून गुपचूप दुरुस्त करा. मालकांना मी सांगितलंय की यंत्रामुळे चोर सापडला. आता काय सांगू, की यंत्र लावणाराच चुकला?"

"पण त्यांची नोकरी जाईल."

"आणि तुमची राहील," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. त्यानंही आयुष्यभर वरच्यांना तोंड दिलं होतं.

मी घरी आलो. बुधवारी गप्प राहिलो, गुरुवारीही गप्प राहिलो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. दोन दिवस मी मामांच्या समोरून जाताना खाली बघून गेलो. मुलगी मांडीवर किरकिरत होती आणि मी मनात जुळवाजुळव करत होतो की चौकशीत कुणी मला विचारलंच नाही तर मी खोटं बोललो असं होणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी बायकोनं भाकरी थापता थापता विचारलं की दोन दिवस असं तोंड का आहे. मी सांगितलं. ती म्हणाली, "मग सांगून टाका ना. असं किती दिवस खाली बघून चालणार?" एवढंच. तवा उतरवला आणि ताट वाढलं.

शनिवारी चौकशीला मास्तर होते, बाहेरून नेमलेले एक चौकशी अधिकारी, युनियनचा एक प्रतिनिधी, कारकून आणि मामा. मामांनी धुतलेला सदरा घातला होता, टोपी हातात धरली होती. मला साक्षीदार म्हणून बोलावलं. अधिकाऱ्यांनी माझा सही केलेला कागद दाखवला.

"हे तुमचंच? यंत्र ठीक आहे?"

"सही माझी आहे," मी म्हणालो. "यंत्र ठीक नाही. मीच बिघडवलंय."

मास्तरांनी डोळे मिटले. मी म्हणालो, तोंडानं सांगून पटणार नाही, चला दाखवतो. सगळे खोक्यापाशी आले. मशिनं चालू होती. मी खटका मुख्य वाफेवर ठेवला, थोडं थांबलो, मग झटकन मामांच्या घरावर नेला. एकशे बारा. "आता कुणी हात लावू नका," मी म्हणालो. मामा माझ्या शेजारीच उभे होते, चाकापासून पन्नास फूट लांब. अर्धा मिनिट. आकडा बदलला. सत्याऐंशी. परत एकदा केलं. परत तेच. युनियनचा माणूस हसायला लागला. कारकून म्हणाला, "अरं देवा, म्या तर रोज पहिलाच लिवला की!" त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी त्याला सांगितलं की तुझा काही दोष नाही, थांबायचं असतं हे मीच कुणाला सांगितलं नव्हतं.

चौकशी अधिकारी खोलीत परत आल्यावर मामांकडे वळले. माणूस बरा होता, त्यांना खरोखरच कळून घ्यायचं होतं.

"तुम्ही तीस वर्षं हे काम करताय. तपमान कमी झालंय हे तुमच्या हाताला कळलं नाही?"

"कळलं की."

"मग वाफ का वाढवली नाही?"

मामांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कागदावर लिवून दिलं होतं, साहेब. हाताचं कोण लिवून देतंय?"

चार्जशीट मागे घेतलं गेलं. मेमोसुद्धा फाडला. मला मात्र लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीची बढती गेली. मास्तर माझ्याशी पुढे कामापुरतंच बोलायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट हलकं वाटलं, इतकं की त्या संध्याकाळी गिरणीपासून घरापर्यंत मी सायकल हातात धरून चालत गेलो.

रविवारी गिरणी बंद असताना मी शेडमध्ये वर चढलो. जे दोन-तीन दिवसांचं काम मी अर्ध्या तासात उरकलं होतं ते, मशिनं बंद असल्यानं, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत खपून एका दिवसात केलं. तो जाडजूड कंडेन्सर काढून टाकला. प्रत्येक तारेला खटक्याच्या अलीकडे तिचा छोटा कंडेन्सर दिला, अर्थिंगची तार वेगळी ओढली. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून खोक्यावर चिकटवलं: खटका फिरवल्यावर पहिला आकडा लिहू नये, दुसरा येईपर्यंत थांबावे. आकडे पुन्हा अंश-दीड अंश थरथरायला लागले. मी त्यांना तसंच थरथरू दिलं.

सोमवारी सकाळी भोंगा झाल्यावर मी मुद्दाम सायझिंग खात्यात गेलो. मामा मशीनवर होते. वाफ सोडलेली, पिंपं तापायला लागलेली, सूत चालू झालेलं. मला त्यांची माफी मागायची होती आणि काय शब्द वापरायचे ते ठरत नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. मामांनी सवयीनं सुतावर पंजा फिरवला. मी वाट बघितली की आता ते चाक फिरवतील. त्यांनी पुन्हा पंजा फिरवला, जरा जास्त वेळ. मग तिसऱ्यांदा. हात तिथेच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"किती झालंय बघा की," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही हातानंच बघा. तुमचा हातच बरोबर होता. सगळ्यांसमोर ठरलं ना ते."

"व्हय, ठरलं," ते म्हणाले. "हात लावलाय की. पण आता लावला तर लगेच वाटतंय, कमी का जास्त? पयला असं वाटत नव्हतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. थोडी लाज होती, चष्मा विसरलेल्या माणसाला असते तशी. "तुमी आकडा सांगा. तुमचं आता नीट झालंय न्हवं?"

मी खोक्यापाशी गेलो, खटका त्यांच्या घरावर नेला, पहिला आकडा जाऊ दिला आणि दुसरा येईपर्यंत थांबलो.

"एकशे चार," मी ओरडून सांगितलं.

मामांनी सुतावरचा हात काढून घेतला आणि दोन्ही हातांनी चाक थोडं उघडलं.